कोल्हापुरी गुळाच्या मागोव्यासाठी ब्लॉकचेन उभारताना : दर गुप्त, नोंद पक्की आणि कायदाही सांभाळलेला

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरून आलेला किंवा साखर मिसळलेला गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो, ही तक्रार जुनीच आहे. त्यामुळे गूळ कोणत्या गुऱ्हाळात आणि कोणत्या आदणात (कढईत एका वेळी शिजणाऱ्या खेपेत) तयार झाला, त्याची तपासणी कोठे झाली आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला, याची कोणालाही मागाहून फिरवता न येणारी नोंद हवी, असे म्हणत शेतकरी उत्पादक कंपन्या आणि निर्यातदार सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे येतात. काम ऐकायला सोपे वाटते. पण पहिल्याच बैठकीत गुऱ्हाळमालक विचारतो की माझा दर शेजाऱ्याला दिसणार का, निर्यातदार विचारतो की अधिकारी आला तर त्याला काय दाखवायचे, आणि शेतकरी विचारतो की माझे नाव उद्या काढून टाकता येईल का. या तिन्ही प्रश्नांना एकाच व्यवस्थेतून समाधानकारक उत्तर देता यावे म्हणून मॉड्युलर, म्हणजे थराथरांची, रचना लागते.

हे काम प्रथमच हाती घेणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या संस्थाचालकांसाठी हा लेख आहे. त्यातला सगळा भर एका गोष्टीवर आहे : जी माहिती बदलणार, पुसावी लागणार किंवा ठरावीक माणसालाच दाखवायची आहे, ती कधीच न बदलणाऱ्या नोंदीपासून पहिल्या दिवसापासून वेगळ्या थरात ठेवा. हे नंतर करू म्हटले तर होत नाही, कारण ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या साखळीबद्ध नोंदवहीवर (पुढे नुसते ‘साखळी’), गेलेले परत घेता येत नाही.

१. आधी माहितीची यादी करा

कोड लिहिण्यापूर्वी कागदावर एक तक्ता आखावा. प्रत्येक माहितीपुढे चार गोष्टी लिहाव्यात : ती कोण तयार करतो, ती कोणाला दिसणे आवश्यक आहे, ती किती काळ ठेवायची, आणि ती ठेवण्याचे किंवा पुसण्याचे बंधन कोणत्या कायद्याने येते. गुळाच्या बाबतीत या यादीत आदणाचा क्रमांक, तारीख, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या आणि वजन, आलेल्या उसाचे वजन, शेतकऱ्याचे नाव व मोबाइल, प्रयोगशाळेचा अहवाल, अडत्याचे नाव, सौद्याचा दर आणि वाहनाचा क्रमांक एवढे तरी येतेच.

हा तक्ता भरताना लक्षात येते की सर्वांना दिसावी अशी माहिती फारच थोडी असते. ग्राहकाला आदणाचा क्रमांक, तारीख, तालुका आणि अहवालाचा निष्कर्ष पुरतो. दराशी त्याचा संबंध नाही, आणि शेजारच्या गुऱ्हाळमालकाचा तर अजिबातच नाही.

येथे एक सापळा आहे, जो बाहेरगावच्या सल्लागाराच्या सहसा लक्षात येत नाही. शेताचा गट क्रमांक ही निरुपद्रवी तांत्रिक माहिती समजून अनेक जण तो सार्वजनिक नोंदीत टाकतात. परंतु जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक हाताशी असले की महसूल खात्याच्या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो आणि त्यावर खातेदाराचे नाव असतेच. म्हणजे गट क्रमांक प्रसिद्ध करणे आणि नाव प्रसिद्ध करणे यांत फरक राहत नाही. सातबारा सर्वांना पाहता येतो, म्हणून त्याला जोडलेले उसाचे वजन आणि मिळालेला दरही सर्वांसाठी खुला आहे, असा अर्थ कोणी काढू नये. गुऱ्हाळावर मोबाइलने काढलेल्या छायाचित्रातही ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. ते काढून टाकल्याशिवाय छायाचित्र पुढे जाऊ देऊ नये.

आपल्याकडे कोणत्याही कामाला सातबारा, आठ-अ आणि आधारची झेरॉक्स जोडून घेण्याची सवय अंगवळणी पडली आहे. या प्रकल्पात ती सोडावी लागते. आधार क्रमांक मुळात घेऊच नये. जी माहिती आपल्याकडे नाही, ती गळतही नाही आणि पुसावीही लागत नाही. गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) आणि चुलवाणावरचे मजूर यांची नावे नोंदवावीत, अशीही सूचना कोणीतरी करतोच. मागोव्याला त्यांचा उपयोग नाही, तेव्हा ती यादीतून सरळ खोडावीत.

२. कोणते कायदे लागू होतात ते तपासा

सर्वांत महत्त्वाचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील अशी रचना आहे, त्यामुळे आज सुरू होणारी व्यवस्था त्या चौकटीतच चालणार हे धरून चालावे. कलम १२ नुसार व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा अधिकार आहे. कलम ६ सांगते की संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संमतीपूर्वी द्यायची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही उपलब्ध असावी लागते, म्हणून ती शुद्ध आणि समजेल अशा मराठीत आधीच तयार ठेवावी.

दुसऱ्या बाजूने, वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि प्रणालीचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस भारतातच जपावे लागतात.

म्हणजे एक कायदा पुसा म्हणतो आणि दुसरा ठेवा म्हणतो. प्रत्यक्षात हा विरोध तितका टोकाचा नाही, कारण दुसऱ्या कायद्याने ठेवणे बंधनकारक असेल तर तेवढी माहिती तेवढ्या काळापुरती ठेवण्यास २०२३ चा अधिनियमच मुभा देतो. अडचण तांत्रिक आहे. बीजकावरील नाव सहा-सात वर्षे राहिले पाहिजे, पण क्यूआर पानावरील (ग्राहकाने रव्यावरील क्यूआर स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या पानावरील) त्याच शेतकऱ्याचे नाव त्याने सांगताच गेले पाहिजे. दोन्ही एकाच नोंदीत गुंतवले असतील तर एकाला हात लावल्याशिवाय दुसऱ्याला लावता येत नाही.

युरोपात माल जाणार असेल आणि तेथील व्यक्तींची माहिती आपल्याकडे येणार असेल, तर तेथील जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदाही विचारात घ्यावा लागतो. त्यासाठी त्या विषयातील वकिलाकडे जावे, हे काम सॉफ्टवेअरवाल्याने अंगावर घेऊ नये.

३. थर वेगळे करा

जुन्या पद्धतीच्या साखळीत व्यवहार चालवणे, त्यांचा क्रम ठरवणे, अंतिम निवाडा देणे आणि माहिती सर्वांना उपलब्ध ठेवणे ही चारही कामे प्रत्येक संगणक एकत्रच करतो. मॉड्युलर विचारात ही कामे सुटी केली जातात. मुस्तफा अल-बसाम यांनी २०१९ मध्ये लेझीलेजर या नावाने मांडलेली कल्पना हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. तिच्यातून पुढे सेलेस्टिया ही केवळ क्रम लावणारी आणि माहिती उपलब्ध ठेवणारी साखळी ऑक्टोबर २०२३ अखेर सुरू झाली. इथेरियम या सार्वजनिक साखळीनेही मार्च २०२४ च्या डेनकुन सुधारणेत तिच्यावर आधारलेल्या साखळ्यांसाठी ‘ब्लॉब’ नावाची स्वस्त जागा खुली केली.

आपल्या कामासाठी मी पुढील पाच थर सुचवतो. पहिला ओळखीचा : कोण सदस्य आहे, कोणाला काय करण्याची परवानगी आहे. दुसरा खासगी माहितीचा : नाव, मोबाइल, उसाचे वजन, दर. तिसरा नियमांचा, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा (अटी आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा). चौथा क्रम आणि सहमतीचा. पाचवा सार्वजनिक साक्षीचा, ज्यावर केवळ हॅश, म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला ठसा, जाते. कायदा बदलला तर पहिल्या तीन थरांत बदल करावा लागेल. शेवटच्या दोहोंना हात लावण्याची वेळ येऊ नये. कोणताही आराखडा पुढे आला की मी एवढेच विचारतो : उद्या संमतीचा नियम बदलला तर चौथ्या थरातील किती ओळी बदलाव्या लागतील? उत्तर शून्य नसेल, तर थर खऱ्या अर्थाने वेगळे झालेले नाहीत.

तिसऱ्या थरातील नियम कसा असतो, ते एका उदाहरणावरून पाहू. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो. म्हणून आदणाच्या नोंदीत गुळाचे वजन उसाच्या वजनाच्या तेरा टक्क्यांहून अधिक दिसले, तर कॉन्ट्रॅक्टने ती नोंद अडवून तपासणीसाठी बाजूला काढावी. साखर मिसळल्याची किंवा बाहेरचा गूळ आत आणल्याची शंका घेण्यास हा साधा गुणोत्तराचा नियम पुरेसा आहे. मात्र त्यासाठी लागणारे उसाचे वजन गुऱ्हाळमालकाला उघड करायचे नसते. या एका नियमात गोपनीयता आणि तपासणी दोन्ही समोरासमोर येतात, आणि पुढील बहुतेक पायऱ्या तो सांभाळण्यासाठीच आहेत.

४. व्यासपीठ निवडा

ठरावीक आणि परस्परांना ओळखणारे सदस्य असतील तर परवानगीची, म्हणजे फक्त सदस्यांनाच प्रवेश असलेली, साखळी घ्यावी. हायपरलेजर फॅब्रिक किंवा बेसू हे दोन मुक्तस्रोत पर्याय चांगले रुळलेले आहेत. सरकारी संस्था भागीदार असेल तर ४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने सुरू केलेल्या ‘विश्वस्य’ या राष्ट्रीय ब्लॉकचेन चौकटीचीही चौकशी करावी. तिची केंद्रे पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. पूर्णपणे सार्वजनिक साखळीवर कॉन्ट्रॅक्ट चालवण्याचा मोह टाळावा, कारण तेथे प्रत्येक सौद्याची वेळ आणि संख्या जगाला दिसते, आणि हंगामात रोज किती आदणे निघाली हे कळले की त्या गुऱ्हाळाची उलाढाल कळायला वेळ लागत नाही. पुढील पायऱ्यांत मी फॅब्रिक धरून लिहिले आहे.

फॅब्रिकमध्ये क्रम लावणारे संगणक, म्हणजे ऑर्डरर, राफ्ट या बहुमताने सहमती ठरवणाऱ्या पद्धतीने चालवले तर तीनपैकी एक बंद पडला तरी काम चालते, पाचपैकी दोन बंद पडले तरी चालते. पण तिन्ही यंत्रे गोकुळ शिरगावच्या एकाच इमारतीत, एकाच वीजजोडणीवर ठेवली, तर या हिशेबाला अर्थ उरत नाही. ती वेगवेगळ्या सदस्यांकडे, शक्यतो वेगवेगळ्या गावांत असावीत.

५. हॅश म्हणजे गुप्तता नव्हे

नवोदितांची सर्वाधिक फसगत येथे होते. मोबाइल क्रमांक साखळीवर टाकायचा नाही हे कळते, मग त्याची एसएचए-२५६ हॅश काढून टाकली जाते आणि काम झाले असे वाटते. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. एक साधे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला कोट्यवधी हॅश काढते. सर्व शक्यतांची हॅश काढून साखळीवरील हॅशशी जुळवणे हे फार तर काही मिनिटांचे काम आहे. आधार क्रमांकाचेही तसेच. पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे बारा अंक दिसत असले तरी शक्यता ८,००० कोटींच्या पुढे जात नाहीत. दर तर याहून सोपा : क्विंटलचा दर काही हजारांच्या घरात असतो आणि सौदे रुपयांच्या ठरावीक टप्प्यांत होतात, त्यामुळे तो हाताने मोजूनही सापडेल.

उपाय असा : प्रत्येक नोंदीसाठी किमान १२८ बिटांचा, यादृच्छिक रीतीने निवडलेला ‘सॉल्ट’ घ्यावा, तो मूळ माहितीला जोडून मगच हॅश काढावी, आणि सॉल्ट खासगी थरात ठेवावा. याचा दुसरा लाभ अधिक मोठा आहे. शेतकऱ्याने माहिती पुसण्यास सांगितले की मूळ माहिती आणि सॉल्ट दोन्ही नष्ट करावेत. साखळीवर उरलेली हॅश मग कोणाशीही जोडता येत नाही, आणि मर्कल झाडाची (हॅश जोडीजोडीने एकत्र करत एका मुळापर्यंत नेणाऱ्या मांडणीची) रचनाही मोडत नाही.

माहिती कूटबद्ध करून ती तशीच साखळीवर ठेवावी, असेही सुचवले जाते. तसे करू नये. किल्ली आज सुरक्षित असली तरी कूटबद्ध मजकूर कायमचा सर्वांकडे राहतो, आणि किल्ली दहा वर्षांनी फुटली तरी त्या दिवशी सगळे उघडे पडते.

६. खासगी माहितीचा थर नीट बसवा

फॅब्रिकमध्ये यासाठी खासगी माहितीचे कलेक्शन असते. माहिती ठरलेल्या सदस्यांच्या पीअरवरच (खातेवहीची प्रत ठेवणाऱ्या संगणकावरच) राहते, सामायिक खातेवहीत तिची हॅश जाते, आणि ऑर्डररलाही मूळ माहिती दिसत नाही. केवळ वेगळे चॅनल (ठरावीक सदस्यांची स्वतंत्र खातेवही) काढून भागवले तर ऑर्डररला त्या चॅनलमधील व्यवहार दिसतात, हे विसरू नये. गुऱ्हाळ आणि अडत्या यांच्यात एक कलेक्शन, गुऱ्हाळ आणि प्रयोगशाळा यांच्यात दुसरे, अशी आखणी करावी.

आता यातले तीन खड्डे.

पहिला, खासगी माहिती चेनकोडला (फॅब्रिकमधील स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला) नेहमीच्या आर्ग्युमेंटमधून दिली तर ती व्यवहाराच्या प्रस्तावासह सामायिक खातेवहीत कायमची कोरली जाते. ती ‘ट्रान्झियंट’ या वेगळ्या खणातूनच पाठवावी लागते. चाचणीत हे दोष म्हणून दिसत नाही, कारण दोन्ही प्रकारे चेनकोड बरोबर उत्तर देतो. म्हणून चाचणीनंतर ब्लॉक (साखळीतील नोंदींचा गठ्ठा) उघडून त्यात एखादा ओळखीचा मोबाइल क्रमांक किंवा दर सापडतो का, हे डोळ्यांनी पाहावे. ही तपासणी कोड तपासणाऱ्याच्या कामाच्या यादीत लिहूनच ठेवावी.

दुसरा, कलेक्शनच्या मांडणीत ‘रिक्वायर्डपीअरकाउंट’ (माहिती किमान किती इतर पीअरवर पोचली पाहिजे तो आकडा) शून्य ठेवले, तर माहिती दुसऱ्या पीअरवर पोचण्यापूर्वीच पहिला पीअर बंद पडण्याची शक्यता राहते. मग साखळीवर हॅश आहे, पण मूळ माहिती कोणाकडेच नाही, अशी अवस्था होते. तो आकडा किमान एक असावा.

तिसरा गुळाच्या धंद्याशी थेट जोडलेला आहे. माहिती आपोआप पुसण्यासाठी ‘ब्लॉकटूलिव्ह’ ही सोय आहे, पण ती दिवसांत मोजत नाही, ब्लॉकांच्या संख्येत मोजते. गुऱ्हाळे दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत धडाक्यात चालतात आणि पावसाळ्यात थंड पडतात. हंगामातील वेगावरून ‘नव्वद दिवसांत इतके ब्लॉक होतील’ असा हिशेब बांधला, तर फेब्रुवारीच्या शेवटी भरलेली माहिती पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत तशीच पडून राहते. कायद्याने मुदत ठरवलेली माहिती या सोयीच्या भरवशावर सोडू नये. फॅब्रिकच्या २.५ आवृत्तीपासून ठरावीक नोंद मागणीनुसार पुसण्याची वेगळी सोय आली आहे. तारखेवर चालणारे एक छोटे काम लिहून तिला बोलवावे. लक्षात ठेवावे की त्यानंतरही हॅश साखळीवर राहतेच, म्हणून पाचव्या पायरीतील सॉल्ट आधीच घातलेला असला पाहिजे. खासगी माहितीच्या बॅकअपच्या प्रतींतूनही तीच नोंद त्याच मुदतीत जायला हवी.

७. सार्वजनिक साखळीवर फक्त मुळाची हॅश न्या

सर्व सदस्यांनी संगनमत केले तर परवानगीची साखळीही पुन्हा लिहिता येते. म्हणून दिवसभराच्या नोंदींचे मर्कल झाड करून त्याच्या मुळाची एकच ३२ बाइटांची हॅश रोज रात्री एखाद्या सार्वजनिक साखळीवर नोंदवावी. झाडात किती पाने आहेत हे मुळावरून कळत नाही, त्यामुळे उलाढाल झाकलेली राहते. ज्या दिवशी एकही आदण निघाले नाही त्या दिवशीही मुळाची हॅश टाकावी, म्हणजे सुट्टीचा दिवसही बाहेरच्याला ओळखता येत नाही.

यासाठी ब्लॉब वापरण्याचा विचार असेल तर एक सूचना : इथेरियमवरील ब्लॉबमधील मजकूर सुमारे १८ दिवसांनी नोडांवरून (साखळी चालवणाऱ्या संगणकांवरून) काढून टाकला जातो. माहिती-उपलब्धतेचा थर माहिती प्रसिद्ध झाल्याची हमी देतो, ती जपून ठेवण्याची नाही. आपली ३२ बाइटांची हॅश नेहमीच्या व्यवहारातच घालावी आणि पूर्ण झाड आपल्याकडे जपावे.

८. तपासणाऱ्याला किती दाखवायचे ते आधी ठरवा

पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून दर ठरत असे. बाहेरच्याला दर कळत नसे हे खरे, पण ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाही काय ठरले याचा पुरावा मिळत नसे. नुसत्या गुप्ततेवर उभारलेली साखळी हुबेहूब तशी होते. टोर्नेडो कॅश या, क्रिप्टो चलनाचे व्यवहार मिसळून माग पुसणाऱ्या व्यवस्थेचे उदाहरण जगासमोर आहे. तिच्यात कोणाचाही माग लागू नये अशी योजना होती आणि तिची कॉन्ट्रॅक्टे बदलता येत नव्हती. अमेरिकेच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले, नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ते कायद्यात बसत नाहीत असे ठरवले, आणि मार्च २०२५ मध्ये ते मागे घेतले गेले. मधल्या काळात प्रामाणिक वापरकर्त्यांनाही त्या निर्बंधांची झळ बसली. याउलट झीकॅश या गोपनीय क्रिप्टो चलनात ‘पाहण्याची किल्ली’ असते. ती दिली की समोरच्याला व्यवहार पाहता येतात, पैसे हलवता येत नाहीत.

आपण हेच तत्त्व घ्यावे. अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याला आदण, अहवाल आणि परवाना लागतो, दर लागत नाही. कर अधिकाऱ्याला दर आणि बीजक लागते, हायड्रॉसची (गूळ पिवळा दिसावा म्हणून घालतात त्या रसायनाची) तपासणी लागत नाही. म्हणून अधिकाऱ्याला पूर्ण नोड किंवा व्यवस्थापकाचा पासवर्ड देऊ नये. लेखी मागणी आली की तेवढ्याच नोंदी, त्यांचे सॉल्ट आणि मर्कल झाडातील वाट अशी एक फाइल तयार होईल, असे छोटे साधन आधीच बनवून ठेवावे. त्या फाइलवरून हॅश पुन्हा काढून ती सार्वजनिक साखळीवरील मुळाशी जुळते का, हे अधिकारी आपल्या संगणकावर स्वतः पडताळू शकतो, त्याला आपल्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. फाइल कोणत्या पत्राच्या जावक क्रमांकावर, कोणी आणि कधी दिली, याचीही नोंद साखळीवर करावी. अधिकाऱ्यांना हा प्रकार नवा वाटतो, तेव्हा सोबत एक पानाची मराठी कृती जोडावी.

९. शून्य-ज्ञान पुरावा : गरज पडेल तेव्हाच

गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या तंत्राने ‘गुळाचे वजन उसाच्या तेरा टक्क्यांच्या आत आहे’ एवढेच सिद्ध करता येते, दोन्ही वजने न सांगता. उसाचे वजन सहसदस्यालाही दाखवायचे नसेल तेव्हा हे उपयोगी आहे. पण सर्किट (पुराव्याच्या अटींची गणिती मांडणी) लिहिणे, ते तपासून घेणे आणि ग्रोथ१६ सारख्या पद्धतीत सुरुवातीचा विश्वासाचा विधी (गुप्त संख्येपासून किल्ल्या तयार करून ती संख्या नष्ट करणे) पार पाडणे, हे लहान गटाच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. पहिल्या हंगामात सहावी पायरीच नीट पाळावी. थर वेगळे ठेवले असतील तर तिसऱ्या थरात ही सोय नंतर बसवता येते. शिवाय वजनकाट्यावरच चुकीचा आकडा टाकला, तर त्याचाही निर्दोष पुरावा तयार होतो, याचे भान असावे.

१०. टोकन काढू नका

शेतकऱ्याला बक्षीस म्हणून हस्तांतरणीय टोकन (साखळीवरचे डिजिटल नाणे) द्यावे, ही कल्पना प्रत्येक प्रकल्पात डोके वर काढते. अशा टोकनसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या उत्पन्नावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर एक टक्का कर कापावा लागतो, आणि ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अशा मालमत्तेचे व्यवहार करून देणारे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले आहेत. गुळाच्या मागोव्यासाठी एवढे ओझे कशाला? बोनस बँक खात्यात जमा करावा.

११. कागदपत्रे आणि साधने

सुरुवातीपूर्वी पुढील कागद हातात असावेत :

- सदस्य संस्थांमधील करार, ज्यात वैयक्तिक माहितीची कायदेशीर जबाबदारी कोणाची, प्रक्रिया करणारा कोण आणि गळती झाल्यास कोण कळवणार हे नावानिशी लिहिलेले असेल. ‘साखळी सर्वांची आहे’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.
- मराठीतील सूचना आणि संमतीपत्र. मागोव्यासाठीची संमती आणि क्यूआर पानावर नाव-छायाचित्र दाखवण्याची संमती वेगवेगळी घ्यावी. दुसरी माहिती साध्या वेब सर्व्हरवर ठेवावी, साखळीवर नाही.
- गुऱ्हाळाचा अन्न सुरक्षा परवाना किंवा नोंदणी, आणि भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता असल्याचे प्रमाणपत्र.
- पहिल्या पायरीतील तक्ता, सर्व सदस्यांच्या सह्यांसह.

साधनांत लिनक्सची यंत्रे, डॉकर, फॅब्रिकचे नमुना नेटवर्क, गो किंवा जावास्क्रिप्ट येणारा एक माणूस आणि किल्ल्या जपण्यासाठी हार्डवेअर मॉड्यूल लागते. घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, सर्ट-इनची तशी अपेक्षा आहे. राधानगरी, भुदरगडकडील गुऱ्हाळांवर रेंज येते-जाते, म्हणून मोबाइल ॲपने नोंद जागेवरच स्वाक्षरीबद्ध करून ठेवावी आणि रेंज आल्यावर पाठवावी. घटनेची वेळ आणि साखळीवर चढण्याची वेळ हे दोन वेगळे रकाने ठेवावेत, नाहीतर पहाटेचे आदण दुपारचे दिसते आणि वाद होतो.

१२. पहिला हंगाम चालवताना

एक गुऱ्हाळ, एक अडत दुकान आणि एक प्रयोगशाळा एवढ्यावरच सुरुवात करावी. दिवाळीनंतर काम जोरात सुरू झाले की शाहू मार्केट यार्डातील अडत्याला सौद्याच्या गडबडीत दहा रकाने भरायला सांगणे व्यर्थ आहे. तीन रकाने आणि एक स्कॅन, यापलीकडे जाऊ नये. रव्यावरील क्यूआर लेबल काढताना फाटेल असे घ्यावे, कारण कोणी लेबल सोलून दुसऱ्या मालावर चिकटवले तर साखळीला ते कळण्याचा मार्ग नाही. एकच क्यूआर दूरच्या दोन शहरांत स्कॅन झाला तर सूचना येईल एवढी सोय मात्र करता येते. ती करताना ग्राहकाचे नेमके ठिकाण साठवू नये, शहर पुरे.

हंगाम संपल्यावर एक सराव करावा. एका काल्पनिक शेतकऱ्याची माहिती भरावी, त्याच्या नावाने पुसण्याचा अर्ज द्यावा, आणि पीअर, बॅकअप, क्यूआर पान आणि अडत्याच्या मोबाइलमधील ॲप या सर्व ठिकाणांहून ती किती दिवसांत गेली हे तपासावे. अडत्याच्या मोबाइलमधील प्रत हमखास राहून गेलेली सापडते. एखादा सदस्य गट सोडून जाणार असेल तर त्याची प्रमाणपत्रे त्याच दिवशी रद्द करावीत, त्याच्या पीअरवरील खासगी कलेक्शन पुसल्याचे लेखी घ्यावे, आणि ज्या आदणांची मूळ माहिती फक्त त्याच्याकडेच होती ती आधी दुसऱ्या पीअरवर उतरवून घ्यावी.